भुयारी गटार तर टाकली, पण पाणी जाणार कुठं? बेलापूरच्या निमित्तानं गावच्या सांडपाण्याचा हिशेब

गुगलवर 'बेलापूर' टाकलं की आधी नवी मुंबई येते. सिडकोनं आखलेलं शहर, जमिनीखालून गेलेल्या मलवाहिन्या आणि त्या पाण्यावर प्रक्रिया करणारं केंद्र.

आपला विषय दुसऱ्या बेलापूरचा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातलं, श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरा नदीच्या काठावरचं बेलापूर. दौंड-मनमाड मार्गावर 'बेलापूर' नावाचं स्टेशनही आहे, पण तिथं उतरलं की माणूस श्रीरामपुरात असतो. गाव तिथून काही किलोमीटर पुढं.

या दुसऱ्या बेलापुरासारखी हजारो गावं महाराष्ट्रात आहेत. धड खेडं नाही, धड शहर नाही. बाजारपेठ आहे, जुने वाडे आहेत, अरुंद बोळ आहेत, नव्या कॉलन्या आहेत आणि शेतात पसरलेल्या वस्त्याही. अशा प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत एक मागणी हमखास होते, "आमच्या गल्लीत भूमिगत गटार टाका." मागणी रास्तच आहे. दारासमोर उघडी गटार, तिच्यात डास, पावसाळ्यात डेंग्यूची धास्ती, हे कुणाला हवंय?

पण गटार झाकली म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला का? गावाची सांडपाणी व्यवस्था आखायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे जरा आकडे मांडून बघू.

नळ आला, त्याच्या मागोमाग काय आलं?

१५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशनची घोषणा झाली. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी नळानं द्यायचं, हे त्याचं माप. मूळ मुदत २०२४ ची होती, ती २०२५ च्या अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढवली गेली. टाक्या उभ्या राहिल्या, पाईप पडले, बऱ्याच घरांत तोट्या आल्या.

आता साधी गोष्ट. घरात आलेलं पाणी घरात राहत नाही. अभियंते ढोबळमानानं धरतात की वापरलेल्या पाण्यापैकी ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं. ५५ लिटरचे ८० टक्के म्हणजे ४४ लिटर. हिशेब सोपा जावा म्हणून १० हजार वस्तीचं गाव धरू. रोजचं सांडपाणी झालं ४ लाख ४० हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. असे ४४ टँकर गावाच्या वेशीवर रोज रिकामे होतात, दिवाळीतही आणि दुष्काळातही.

पूर्वी हे पाणी नव्हतं असं नाही, पण थोडं होतं. आडावरून, नळकोंडाळ्यावरून हंड्यानं आणलेलं पाणी माणूस जपून वापरतो. मोरीचं पाणी परसातल्या केळीला नाहीतर अळूला जायचं आणि तिथंच जिरायचं. आता परसात खोल्या झाल्या, अंगणात पेव्हर ब्लॉक बसले. पाण्याला बाहेर पडण्याशिवाय वाट उरली नाही.

पाणी आणायची योजना गावागावात आली. ते घालवायची योजना मात्र तुकड्यातुकड्यांत येते, आणि सगळी गोम तिथंच आहे.

एक गल्ली आमदार निधीतून, दुसरी '२५१५' मधून

गावातल्या गटारी कशा होतात ते बघा. एका गल्लीचं काम पंधराव्या वित्त आयोगातून निघतं. शेजारच्या गल्लीचं आमदार निधीतून. तिसरीचं ग्रामविकास खात्याच्या '२५१५' या लेखाशीर्षातून, ज्याचा आकडा गावातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असतो. मागासवर्गीय वस्तीसाठी वेगळी योजना. प्रत्येकाचं अंदाजपत्रक वेगळं, ठेकेदार वेगळा, वर्ष वेगळं. उद्घाटनाचा नारळसुद्धा वेगळा.

रस्ता असा तुकड्यांत करता येतो. सभामंडप तर येतोच येतो. गटार मात्र करता येत नाही, कारण गटार ही एकच वस्तू आहे. तिचं वरचं टोक कुणाच्या तरी मोरीत असतं आणि खालचं टोक गावाबाहेर. मधली प्रत्येक गल्ली तिच्या पुढच्या गल्लीपेक्षा उंच असावी लागते. २०२१ मध्ये टाकलेल्या पाईपचं तोंड २०२३ मध्ये टाकलेल्या पाईपपेक्षा अर्धा फूट खाली निघालं, तर पाणी पुढं जात नाही, मागं फुगतं. मग लोक म्हणतात, "गटार तुंबली." खरं तर ती तुंबायलाच बांधलेली असते.

म्हणून आराखड्याची सुरुवात शेवटापासून करावी लागते. आधी पाणी कुठं पोहोचवायचं ती जागा ठरते. मग त्या जागेपासून उलटं चढत, गल्लीगल्लीची लेव्हल घेत, सगळ्यात लांबच्या घरापर्यंत जायचं. संपूर्ण गावाचा एक नकाशा, त्यावर उंचीच्या नोंदी आणि गावात एक पक्की खूण, जिच्यापासून सगळ्या लेव्हल मोजायच्या. एवढं हातात असेल तर पैसे तुकड्यांत आले तरी चालतं, कारण तुकडे एकाच चित्राचे असतात. या सर्वेक्षणाचा खर्च काही गल्ल्यांच्या काँक्रीटपुढं किरकोळ आहे. पण नकाशाचं उद्घाटन करता येत नाही, ही त्याची अडचण.

आणि शेवट आधी ठरवला नाही तर तो आपोआप ठरतो. पाणी उताराच्या टोकाला जातं. आपल्या अनेक गावांत उताराच्या टोकाला कुणाची वस्ती असते, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. वरच्या आळीची गटार 'भूमिगत' होते आणि खालच्या वस्तीजवळ ती पुन्हा उघडी पडते, पहिल्यापेक्षा मोठी होऊन.

शहराचा पाईप गावात का चालत नाही?

हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण सोडू नका. गावातल्या बऱ्याच फसलेल्या गटारींचं कारण इथं आहे.

मलवाहिनीत मैला स्वतःहून सरकत नाही, त्याला पाणी ढकलतं. पाण्याचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटर असला तर गाळ तळाशी बसत नाही. अभियंते याला स्वतःची सफाई स्वतः करणारा वेग म्हणतात. वेग दोन गोष्टींवर ठरतो, उतार आणि पाण्याचं प्रमाण.

केंद्र सरकारच्या ज्या मार्गदर्शिकेवरून आपल्याकडं मलवाहिन्या आखल्या जातात, ती अशा शहरांसाठी माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा धरते. गावाला आपण देतोय ५५. म्हणजे शहराच्या निम्म्याहूनही कमी पाण्यावर शहराचीच यंत्रणा चालवायची.

याचा परिणाम किती होतो? ५० घरांची एक गल्ली घ्या. २५० माणसं. दिवसाचं सांडपाणी ११ हजार लिटर. सकाळी सगळे एकदम उठतात, आंघोळी होतात, धुणी होतात, तेव्हा प्रवाह सरासरीच्या तिप्पट धरायचा. तरी तो सेकंदाला जेमतेम ०.४ लिटर येतो. चहाचे चार कप समजा. हे पाणी सहा इंची पाईपच्या तळाशी एक बारीक धार होऊन वाहतं. या धारेनं ०.६ मीटरचा वेग गाठायचा असेल, तर गणित सांगतं की पाईपला शंभर मीटरमागं सुमारे चार मीटर उतार द्यावा लागेल.

शंभर मीटरमागं चार मीटर! प्रवराकाठच्या सपाट गावठाणात एवढा उतार आणायचा कुठून? तोच पाईप निम्मा भरून वाहिला असता तर शंभर मीटरमागं अर्धा मीटर पुरला असता. पण तोही हिशेब जपून करा. अर्ध्या मीटरच्या उतारानंसुद्धा एक किलोमीटर गेलं की पाईप सुरुवातीपेक्षा पाच मीटर खाली जातो. जमीन तेवढी उतरत नसेल तर जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंतींना खेटून, दहा-बारा फुटी बोळात, दीड-दोन पुरुष खोल चर खणायचा. तोही काळ्या मातीत, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. किंवा मग मध्येच पंप बसवायचा. पंप म्हणजे वीजबिल. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याचीच बिलं थकल्याच्या बातम्या आपण वाचतो, तिथं घाण पाण्याच्या पंपाचं बिल कोण वेळेवर भरणार?

त्यात पाणी दिवसाआड किंवा दोन-तीन दिवसांनी येणारी गावं आहेत. नळाला पाणी नसेल त्या दिवशी मलवाहिनी जवळजवळ कोरडी. दोन दिवसांचा मैला पाईपच्या तळाला वाळून बसतो. मग चेंबर उघडून बांबू घालायचा. आणि बांबूनं काम झालं नाही की कुणाला तरी आत उतरवायचं.

इथं थांबायला हवं. गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा मृत्यूंसाठीची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. शहरांकडं निदान सक्शन आणि जेटिंगची यंत्रं असतात. गावाकडं ती नसतात, आणि बोळात ती शिरतही नाहीत. ज्या गटारीची सफाई यंत्रानं होणार नाही, तिच्या आराखड्यावर सही करताना त्यात एक माणूस उतरेल हे आपण गृहीत धरत असतो.

पाऊस आणि गोठा

आणखी दोन पाहुणे पाईपमध्ये न बोलावता येतात.

पहिला पाऊस. आपल्या दहा हजार वस्तीच्या गावाचं सकाळच्या गर्दीचं सगळं सांडपाणी मिळून सेकंदाला १५ लिटरच्या आसपास होतं. आता एका हेक्टरच्या घरांवर, अंगणांवर, रस्त्यांवर तासाला २५ मिलिमीटरच्या वेगानं पाऊस पडला आणि त्यातला ७० टक्के वाहून आला, तर तो सेकंदाला ४८ लिटर होतो. एका हेक्टरचा पाऊस अख्ख्या गावाच्या सांडपाण्याच्या तिप्पट. पत्र्याच्या पन्हाळीचं तोंड गटारीच्या चेंबरमध्ये सोडलेलं तुम्ही पाहिलं असेल. तिथं नेमकं हेच होतं. पहिल्या मोठ्या पावसात झाकणं उडतात आणि मैला रस्त्यावर येतो. पावसासाठी उथळ, उघडी गटार वेगळी ठेवावीच लागते. झाकलेली गटार आली म्हणून जुनी बुजवून टाकली, की फसलो.

दुसरा पाहुणा गोठा. श्रीरामपूर, राहुरी, राहाता, संगमनेर हा दुधाचा पट्टा. घरटी दोन-चार संकरित गाई ही इथं नवलाई नाही. एक गाय दिवसाला सहज १०-१५ किलो शेण टाकते. गोठा धुतल्याचं पाणी मलवाहिनीत आलं तर पाईप आणि प्रक्रिया दोन्हींचं गणित कोलमडतं, कारण ते माणसांच्या संख्येवर मांडलेलं असतं. शहराच्या पुस्तकात गोठ्याचं प्रकरण नसतं. गावाच्या आराखड्यात ते पहिल्या पानावर हवं, गोठ्याचं पाणी उकिरड्याकडं किंवा बायोगॅसकडं, गटारीकडं नाही.

नदीत सोडायचं तर नदीत पाणी हवं

समजा सगळं जमलं, पाईप नीट पडले, पाणी गावाबाहेर आलं. पुढं? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, ओढ्यात. ओढा नदीत. बेलापूरला नदी शेजारीच, प्रवरा.

प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. तिथून सोडलेलं पाणी संगमनेरच्या खाली ओझरच्या बंधाऱ्यावर अडवून डाव्या आणि उजव्या कालव्यात वळवलं जातं. या कालव्यांनीच हा भाग बागायती झाला. पण त्याची दुसरी बाजू अशी की ओझरच्या खालच्या नदीपात्रात पावसाळा आणि आवर्तनं सोडली तर वाहतं पाणी फारसं उरत नाही. उरतं ते कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागं साठलेलं, उभं पाणी.

उभ्या पाण्यात सांडपाणी सोडणं आणि वाहत्या नदीत सोडणं यात फार फरक आहे. सांडपाण्याची घाण मोजायचं एक माप आहे बीओडी, म्हणजे ती घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाईल. ब्रिटनच्या रॉयल कमिशननं १९१२ मध्ये सांडपाण्यासाठी लिटरला २० मिलिग्रॅम बीओडीची मर्यादा सुचवली, ती पुढं जगभर गाजली. त्यामागची अट मात्र अनेकदा विसरली जाते. नदीत त्या सांडपाण्याच्या आठपट तरी स्वच्छ पाणी मिसळेल, असं त्यात धरलेलं होतं. थेम्सच्या देशात ते ठीक. एप्रिल-मे महिन्यातल्या प्रवरेत आठपट पाणी कुठून आणणार?

उलट आपलं सांडपाणी शहरापेक्षा दाट असतं. माणूस कमी पाणी वापरतो म्हणून घाण कमी करत नाही. मार्गदर्शिकेत माणशी दिवसाला २७ ग्रॅम बीओडी धरतात. शहरात ती १०८ लिटर पाण्यात मिसळते, म्हणजे लिटरला २५० मिलिग्रॅम. गावात ४४ लिटरमध्ये, म्हणजे लिटरला ६०० च्या वर. आंघोळीयोग्य नदीसाठीची मर्यादा आहे ३.

कायदा म्हणाल तर १९७४ चा जलप्रदूषण कायदा ग्रामपंचायतीला वेगळी सूट देत नाही. पण कायद्यापेक्षा नकाशा बघा. प्रवरा पुढं नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीला मिळते आणि ते पाणी जायकवाडीच्या नाथसागरात जातं. छत्रपती संभाजीनगर पिण्यासाठी तिथलंच पाणी उचलतं. नगर-नाशिकनं जायकवाडीला किती पाणी सोडायचं यावर मेंढेगिरी समिती झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. २०२३ च्या दुष्काळी वर्षात सुमारे ८.६ टीएमसीच्या आदेशावरून दोन्हीकडं आंदोलनं झाली. किती पाणी, यावर एवढं भांडण. कसलं पाणी, यावर कुणी साधा रस्ता रोकोही केल्याचं आठवत नाही.

'सेफ्टी टँक' किती सेफ?

ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं एप्रिल २०१८ मध्ये जाहीर झालं. त्यामुळं मैला आता शेतात, रस्त्याकडेला नाही, तो घराच्या अंगणाखाली आहे. बहुतेकांच्या भाषेत 'सेफ्टी टँक'मध्ये. मूळ शब्द सेप्टिक, पण बोलताना त्याचं सेफ्टी झालं आणि ते इतकं पक्कं बसलंय की गवंडीही तसंच म्हणतो.

खरी सेप्टिक टाकी दोन कप्प्यांची असते. मैला तळाशी बसतो, वरचं पाणी पुढं जातं आणि दर दोन-तीन वर्षांनी तळाचा गाळ उपसावा लागतो. आपल्याकडं मोठी टाकी म्हणजे चांगली टाकी, अशी समजूत आहे. "आमची वीस वर्षांत भरली नाही" हे लोक अभिमानानं सांगतात. वीस वर्षांत भरली नाही याचा अर्थ बऱ्याचदा तळ कच्चा आहे आणि सगळं जमिनीत जिरतंय, किंवा गाळ वाहून गटारीत जातोय. कालव्याच्या पट्ट्यात भूजल वर असतं, उसाच्या पाण्यानं काही जमिनी पाणथळ आणि चोपण झाल्या. अशा जमिनीत जिरवणारा खड्डा आणि शेजारची विहीर यांच्यात अंतर कमी असेल, तर दोघांची ओळख व्हायला वेळ लागत नाही.

याच कारणानं शोषखड्डा हा प्रत्येक गावाचा उपाय नाही. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी छिद्रांची सिमेंट टाकी आणि भोवती दगड-खडी असे खड्डे करून मोरीचं पाणी जिरवलं. गटारी संपल्या, डास घटले आणि 'नांदेड पॅटर्न' गाजला, ते योग्यच होतं. पण नदीकाठच्या काळ्या, भारी जमिनीत तोच खड्डा पावसाळ्यात वर तोंड काढतो. मुरमाड माळावरच्या वस्तीवर उत्तम, काळवटीच्या गावठाणात फसवा. खड्डा खणण्याआधी त्या जागी एक लहान खड्डा घ्यायचा, पाणी भरायचं आणि ते किती वेळात जिरतं हे घड्याळ लावून बघायचं. एवढी परीक्षा पुरते, पण ती न करताच उद्दिष्ट म्हणून खड्डे खणले जातात, फोटो अपलोड होतात.

मग करायचं काय?

माझं मत स्पष्ट सांगतो. बेलापूरसारख्या गावानं शहराची छोटी प्रत काढू नये.

शेतातल्या वस्त्या पाईपला जोडायच्याच नाहीत. दोन घरांसाठी अर्धा किलोमीटर पाईप हा वेडेपणा आहे. तिथं दोन खड्ड्यांचं शौचालय (एक भरला की दुसरा वापरायचा, तोवर पहिल्याचं खत होतं) आणि मोरीच्या पाण्याला परसबाग.

दाट गावठाणात मात्र पाईप लागणारच. तिथं मैला घरच्या किंवा तीन-चार घरांच्या सामाईक टाकीतच अडवायचा आणि टाकीच्या वरचं नितळ पाणी तेवढं बारीक पाईपनं बाहेर न्यायचं. ही युक्ती नवी नाही. १९६० च्या दशकात झांबियात आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या छोट्या गावांत ती वापरली गेली. पाईपमध्ये घट्ट काही येतच नाही, त्यामुळं तो मोठ्या वेगाचा हट्ट उरत नाही. पाईप लहान चालतो, उतार कमी चालतो, चर उथळ चालतो. माणूस उतरेल एवढी चेंबरं लागत नाहीत, साफसफाईची छोटी तोंडं पुरतात. बोळातही जमतं.

यात मेख एकच आहे. टाक्या वेळेवर उपसल्या गेल्या पाहिजेत. नाही उपसल्या तर गाळ त्या बारीक पाईपमध्ये जातो आणि सगळं काम मातीत.

बाहेर आलेल्या पाण्यासाठी जागा लागेल. साध्या स्थिरीकरण तलावात पाणी दहा दिवस थांबवायचं ठरवलं तर ४,४०० घनमीटर साठा हवा. दीड मीटर खोलीनं तो सुमारे २९ गुंठ्यांत बसतो. बांध, रस्ता धरून एकर. तलावाला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, ऊन लागतं, ते आपल्याकडं भरपूर आहे. पण नदीकाठचा सर्वांत सखल तुकडा यासाठी दिसला म्हणून भुलायचं नाही. जलसंपदा विभागाच्या निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, तलाव बांधला तर धरणातून पाणी सुटेल त्या वर्षी तो नदीच होईल.

बागायती भागात एकरभर जमीन मिळवणं हे सगळ्या पाईपांपेक्षा अवघड काम. गायरान शिल्लक असेल तर त्यावर अतिक्रमण असतं, नाहीतर दोन गटांचं भांडण. शेजारचा शेतकरी "घाण माझ्या बांधाला नको" म्हणणार, आणि त्याचं चुकतं असंही नाही. त्याला काय मिळणार, हे आधी सांगावं लागेल. दहा दिवस थांबलेलं, नीट राखलेलं पाणी चारा पिकांना, झाडांना देता येतं, आणि ते आवर्तनाची वाट बघत नाही. कोथिंबीर, मेथी, काकडी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या गोष्टींवर मात्र ते पाणी नकोच.

पैसे किती आहेत?

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात मोरी-स्वयंपाकघराच्या सांडपाण्यासाठी ५ हजारांपर्यंतच्या गावाला माणशी २८० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ६६० रुपये अशी मर्यादा ठरली. त्यातला ३० टक्के भार ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या पैशातून उचलायचा. या दरातली गंमत बघा. ४,९०० वस्तीच्या गावाला १३ लाख ७२ हजार, आणि ५,१०० वस्तीच्या गावाला ३३ लाख ६६ हजार. दोनशे माणसांचा फरक, रक्कम जवळपास अडीचपट.

दहा हजारांच्या गावाला ६६ लाख होतात. पाच जणांच्या कुटुंबामागं ३,३०० रुपये. एवढ्यात शहरासारखी पूर्ण मलवाहिनी आणि प्रक्रिया केंद्र होणार नाही. पण नकाशा, तलाव आणि मुख्य वाहिनीचा मोठा भाग यांना हात घालता येतो. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१-२६ या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ३० टक्के भाग स्वच्छतेसाठी आणि ३० टक्के पाण्यासाठी बांधून दिला. म्हणजे पैसे अजिबात नाहीत, असं म्हणता येत नाही. तो कुठं गेला, हे ग्रामपंचायत विकास आराखड्यात दिसतं, आणि तो ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही मोबाईलवर बघता येतो. आपल्या गावाचं नाव टाकून बघाच. त्यात गटारीची कामं किती आहेत ते मोजा आणि त्यातल्या किती कामांत पाणी शेवटी कुठं सोडलंय हे लिहिलंय, तेही मोजा.

बांधकामाचा खर्च एकदाच. खरा प्रश्न दर महिन्याचा आहे. १० हजार वस्ती म्हणजे साधारण २ हजार घरं. घरटी महिना ५० रुपये धरले तर वर्षाला १२ लाख होतात. यात एक पूर्णवेळ माणूस, तलावाची निगा आणि टाक्या उपसण्याचा खर्च बसवायचा. २ हजार टाक्या दर तीन वर्षांनी उपसायच्या तर वर्षाला ६६७, कामाचे ३०० दिवस धरले तर दिवसाला दोन-सव्वादोन. एका टँकरचं काम. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी असंच वेळापत्रक लावून घरोघरच्या टाक्या ठरलेल्या वर्षांनी उपसायला सुरुवात केली. तक्रार आल्यावर नाही, तुमचा नंबर आला म्हणून. गाळासाठी वेगळं प्रक्रिया केंद्रही केलं.

एकट्या गावाला टँकरही परवडणार नाही आणि केंद्रही. आजूबाजूच्या सात-आठ ग्रामपंचायतींनी मिळून एक टँकर घेतला आणि गाळ जवळच्या शहराच्या केंद्रात न्यायचा करार केला, तर दोन्ही जमतं. तसा करार होईपर्यंत मात्र उपसलेला टँकर रात्री कुठल्या ओढ्यात रिकामा होतो, हे टँकरवाल्यालाच माहीत असतं.

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा होते. पुढच्या वेळी कुणी "आमच्या गल्लीत भूमिगत गटार" म्हणून अर्ज दिला की त्यावर दोनच प्रश्न विचारून बघा. हा पाईप कुठल्या खुणेपासून किती खोल टाकणार, आणि त्याचं पाणी शेवटी कुणाच्या दारात जाणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना कुणी ओढ्याकडं हात केला, तर ओढ्याकाठी कोण राहतं तेही तिथंच विचारा.